जुनी कॅसेट, नवा डबा



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकाच जातीचे प्रश्न फार येऊ लागले आहेत. कोणी विहारात कार्यक्रम संपल्यावर विचारतो, कोणी कचेरी सुटल्यावर एस.टी. स्टँडवर गाठतो. "भाऊ, लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर करून आणली, पण टीव्ही ती घेतच नाही." दुसऱ्याकडे चित्र दिसते पण आवाज नाही. तिसऱ्याकडे आवाज आहे, पण बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. चौथ्याकडे सगळी माणसे आडवी फुगलेली दिसतात. हे प्रश्न वरवर यंत्राचे आहेत, पण त्यांच्यामागे घराची शिल्लक आहे. म्हणून आज सगळ्यांची एकत्र उत्तरे देत आहोत.

१९८५ ते २००० या काळात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर व्हिडिओ शूटिंग पोहोचले. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, महापालिकेत राबणाऱ्या चाकरमान्यांनी पैसे साठवून मुलीचा मंगल परिणय, नातवाचे नामकरण, गावची भीमजयंती कॅसेटवर उतरवून घेतली. आपल्या आजी-आजोबांचे फोटो तरी किती असतात? एखादा रेशनकार्डाचा, एखादा ग्रुपफोटोतला कोपऱ्यातला. पण त्या कॅसेटमध्ये आजी चालते, बोलते, कोणाला तरी हाक मारते. अनेक घरांत तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही.

चित्रफितीचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा मुंबईत निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकरांनी ती कॅमेऱ्यात टिपली, म्हणूनच तो जनसागर पुढच्या पिढ्यांना पाहता आला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट २०११ साली आला, तो चौदा वर्षे जमवलेल्या चित्रीकरणातून तयार झाला. जपले म्हणून उरले, एवढाच याचा अर्थ. घरच्या कॅसेटलाही तोच नियम लागू आहे.

आता वेळ मात्र थोडा आहे. व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली आणि फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणजे कॅसेट वाजवणारे नवे यंत्र आता होत नाही. जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये एक मोहीम काढून जगभर इशारा दिला, की २०२५ च्या सुमारापर्यंत ज्या चुंबकीय फिती संगणकावर उतरणार नाहीत, त्यांतल्या बहुतेक पुढे उतरवणे अवघड होईल. त्यात आपला कोकण म्हणजे दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. कपाटातल्या कपड्याला बुरशी येते, तशी ती फितीलाही येते.

आधी कॅसेटची तब्येत पाहा

कॅसेट मिळाली की लगेच यंत्रात घालू नये. काचेच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहावे. कडेला पांढरट भुकटी किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घातली तर यंत्राचे हेड घाण होते, फीत तुटू शकते आणि त्याच यंत्रात पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती साफ करणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. तोवर ती कोरड्या जागी, इतर कॅसेटपासून वेगळी, उभी ठेवावी.

कॅसेट चांगली असेल तर तिच्या मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडलेला आहे का ते पाहावे. तो शाबूत असेल तर मोडून टाकावा. मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी जुने पुसले जाणार नाही. त्यानंतर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेली फीत त्याने मोकळी होते.

डबा आणि डब्यातला जिन्नस

आता मुख्य मुद्दा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही ही नावे आपण ऐकतो. ही डब्यांची नावे आहेत. डब्यात काय भरले आहे ते वेगळे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आपल्याकडे कधी कुळथाचे पीठ असते, कधी कोकम. बाहेरचे चित्र पाहून आत काय आहे ते कळत नाही. तसेच एकाच एमपी४ डब्यात चित्र एच.२६४ या पद्धतीने दाबून भरलेले असेल किंवा एच.२६५ या पद्धतीने. आवाज एएसी असेल किंवा दुसरा कुठला. पहिली पद्धत २००३ ची, ती जवळजवळ सगळी यंत्रे ओळखतात. दुसरी २०१३ ची, ती कमी जागेत बसते, पण जुन्या टीव्हीला ती कळत नाही.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून एव्हीआयचे एमपी४ केले तर काहीच बदलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलून कुळथाचा तांदूळ होत नाही. आतला माल योग्य असेल आणि फक्त डबा नको असेल, तर माल तसाच ठेवून डबा बदलता येतो. त्याला थोडाच वेळ लागतो आणि चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. आणि माल नव्याने दाबून भरायचा असेल, तर तासन् तास लागतात आणि प्रत्येक खेपेस थोडे थोडे नुकसान होते. म्हणून रूपांतर नेहमी मूळ प्रतीवरून करावे, रूपांतरावरून पुन्हा रूपांतर करू नये.

आत काय आहे ते पाहायला व्हीएलसी हा मोफत प्लेअर पुरतो. फाइल चालू करून 'टूल्स' मध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' उघडावे. चित्राची पद्धत, आवाजाची पद्धत, सेकंदाला किती चित्रे, सगळे तिथे लिहिलेले असते. डॉक्टर औषध देण्याआधी नाडी पाहतो, तसे हे आधी पाहावे. माल नव्याने भरायला हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम आहे. ज्यांना संगणकाला हुकूम लिहून देता येतात त्यांच्यासाठी २००० सालापासून चालू असलेला एफएफएमपेग आहे. हे तिन्ही त्यांच्या स्वतःच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावेत. फुकटच्या नावाखाली भलतेच काही देणारे पुष्कळ आहेत.

चित्राच्या तक्रारी

चित्र काळेपांढरे येते किंवा वरखाली फिरते. याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅसेट उतरवून घेणाऱ्या यंत्राची चुकीची नेमणूक. भारतात पाल पद्धत आहे, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका, जपान इथे एनटीएससी. स्वस्त यंत्रे अनेकदा एनटीएससीवर लावलेली येतात. ती पालवर करावीत, चित्राचे माप ७२० बाय ५७६ ठेवावे.

माणूस हलला की कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हा कॅसेटचा दोष नाही. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी नोंदलेले असते. मोबाईल ते दोन्ही भाग एकदम दाखवतो, म्हणून रेषा दिसतात. हँडब्रेकमध्ये 'डीइंटरलेस' हा पर्याय लावला की त्या जातात. मात्र क्रम महत्त्वाचा. आधी रेषा काढाव्यात, मग हवे तर माप बदलावे. आधी माप बदलले तर रेषा चित्रात कायमच्या मिसळतात, मग त्या निघत नाहीत.

माणसे आडवी फुगलेली दिसतात. जुने चित्र ४:३ प्रमाणाचे आहे आणि आजचा टीव्ही १६:९ चा. चित्र ओढून पडदा भरला की चेहरे बिघडतात. प्रमाण ४:३ च ठेवावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्यावेत. पट्टे नकोत म्हणून वरखाली कापले तर बाबांचा फेटा आणि आईची ओटी दोन्ही जातात.

चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी पट्टी दिसते, ती व्हीएचएसमध्ये असतेच, तिची चिंता नको. पांढऱ्या रेघा फिरत असतील तर व्हीसीआरचे ट्रॅकिंग हलके फिरवून पाहावे. हे सारे उतरवून घेताना करायचे. उतरवून झाल्यावर कितीही रूपांतर केले तरी ते सुधारत नाही.

आवाजाच्या तक्रारी

आवाज एकाच बाजूने येतो. बऱ्याच जुन्या व्हीसीआरला आवाजाचे एकच भोक असते. पांढरी वायर जोडली, लाल मोकळी राहिली, की असे होते. रूपांतर करताना आवाज 'मोनो' करावा, म्हणजे दोन्हीकडे सारखा येतो.

टीव्हीवर चित्र दिसते, आवाज नाही, पण संगणकावर आवाज येतो. याचा अर्थ आवाजाची पद्धत टीव्हीला कळत नाही. एफएफएमपेग येणाऱ्याने चित्र तसेच ठेवून फक्त आवाज एएसी करून द्यावा. काम लवकर होते आणि चित्राला धक्का लागत नाही.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत. इथे आधी निदान करावे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीन ठिकाणी पाहावे. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर आवाज तेवढाच पुढे किंवा मागे सरकवला की काम झाले. व्हीएलसीत पाहतापाहता इंग्रजी जे आणि के ही बटणे दाबून किती सरकवायचा ते कळते. फरक हळूहळू वाढत असेल तर हिशेब करावा. समजा तीन तासांची, म्हणजे १०,८०० सेकंदांची कॅसेट आहे. मध्यावर आवाज ३ सेकंद मागे आणि शेवटी ६ सेकंद मागे. म्हणजे आवाज १०,८०६ सेकंदांचा झाला आहे. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये तो आकसून १०,८०० वर आणला की सारे जुळते. तिसरा प्रकार वाईट. एका जागी अचानक फरक पडतो. तिथे फीत खराब होती आणि यंत्राने काही चित्रे गाळली. अशा वेळी त्या जागी तुकडा करून पुढचा आवाज वेगळा सरकवावा लागतो. जमले तर तेवढा भाग कॅसेटवरून पुन्हा उतरवणे चांगले.

मोबाईलवरच्या चित्रणातही असे होते, कारण मोबाईल सेकंदाला कधी ३० तर कधी २७ चित्रे घेतो. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडावे.

टीव्ही पेनड्राइव्ह का नाकारतो

एक कारण वर सांगितले, एच.२६५. दुसरे कारण पेनड्राइव्हची आखणी. फॅट३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी नाही. एक्सफॅट केला तर बसते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. मग फाइलच लहान ठेवावी. त्याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती मेगाबिट ते घ्या, सेकंदांनी गुणा, ८ ने भागा, मेगाबाइट येतात. तीन तासांची कॅसेट ५ मेगाबिटने केली तर १०,८०० गुणिले ५ भागिले ८, म्हणजे ६,७५० मेगाबाइट, पावणेसात जीबी. बसणार नाही. २ मेगाबिटने केली तर २,७०० मेगाबाइट, बसते. किंवा दर्जा न घटवता दीड-दीड तासाचे दोन भाग करावेत. आम्ही दुसरा मार्ग सुचवतो.

हँडब्रेकमध्ये दर्जाचा आकडा असतो. आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त. कॅसेटसाठी १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा. फाइलचे नाव जुन्या टीव्हीसाठी इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, आधी साल, मग महिना, मग दिवस, असे द्यावे. मराठी नावाचे काही टीव्हींवर चौकोन होतात.

रूपांतर मध्येच थांबते, तेव्हा आधी डिस्कवर जागा आहे का ते पाहावे. मग लॅपटॉप झोपी जातो आहे का, फार तापतो आहे का, ते. दर वेळी त्याच ठिकाणी थांबत असेल तर फाइलच तिथे दुखावली आहे. आणखी एक. कॅसेट उतरवत असताना वीज गेली तर एमपी४ फाइल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी लिहिली जाते. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून ओबीएससारख्या प्रोग्रॅममध्ये एमकेव्हीत उतरवावे. वीज गेली तरी तोवरचे राहते, आणि मागाहून फक्त डबा बदलून एमपी४ करता येतो.

सीडी आणि डीव्हीडी

१९९०च्या दशकाच्या शेवटापासून व्हीसीडी आल्या. त्यांत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या कप्प्यात डॅट फाइल असते. ती व्हीएलसीत चालते. मात्र तिचे चित्रच ३५२ बाय २८८ एवढे लहान आहे. ते मोठे केले म्हणून चेहरा स्पष्ट होत नाही, फक्त फाइल फुगते.

डीव्हीडीत एकच कार्यक्रम एक-एक जीबीच्या तुकड्यांत, व्हीओबी नावाने, ठेवलेला असतो. तुकडा-तुकडा वेगळा बदलला तर जोडावर आवाज अडखळतो. हँडब्रेकला पूर्ण डिस्क किंवा पूर्ण कप्पा दाखवावा, म्हणजे तो सलग घेतो. ज्या यंत्रावर डीव्हीडी भरली तिथेच ती चालते आणि इतरत्र कोरी दिसते, तेव्हा बहुधा ती 'फायनलाइज' केलेली नसते. ते मूळ यंत्रावरच करावे लागते. ओरखडे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून नाही.

दुकानात देताना

सगळ्यांना हे घरी जमेल असे आम्ही म्हणत नाही. यंत्रे घेण्यापेक्षा दुकानात दिलेले अनेकदा स्वस्त पडते. पण डोळे उघडे ठेवावेत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने १९९३ सालच्या नामकरणाची कॅसेट बाहेर उतरवून घेतली. पेनड्राइव्ह घरी आला, पहिली दहा मिनिटे पाहिली, सगळे खूश. "आता हे जुने कशाला?" म्हणून जूनमध्ये कपाट आवरताना कॅसेट कचऱ्यात गेली. पुढे दिवाळीच्या सुट्टीत सगळे भाऊ जमले आणि पूर्ण पाहू लागले, तेव्हा कळले की पाऊण तासानंतर नुसती निळी पाटी आहे. फीत तिथे अडकली होती आणि कोणी लक्ष दिले नव्हते. आजीने पाळणा म्हटला होता तो त्याच्या पुढे. ती आजी १९९८ साली गेली. आता तो पाळणा कुठल्याच डब्यात नाही.

यासाठी दुकानात देताना एवढे बोलून घ्यावे. आधी दोन मिनिटांचा नमुना करून द्या, त्यात कोणीतरी बोलत असलेला भाग हवा. तो आपल्या घरच्या टीव्हीवर पाहून मगच बाकीचे सांगावे. फाइल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, प्रमाण ४:३, सेकंदाला २५ चित्रे, हे कागदावर लिहून द्यावे. 'फुल एचडी करून देतो' म्हणून जास्त पैसे मागितले तर भुलू नये. कॅसेटमध्ये जे नाही ते कोणी आणू शकत नाही. आणि कॅसेट परत घ्यावीच. सगळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याखेरीज मूळ कॅसेट टाकू नये. पाहिल्यावरही टाकू नये, असेच आमचे मत आहे.

घरच्या बायामाणसांचे चित्रण अनोळखी फुकट संकेतस्थळावर चढवून बदलून घेऊ नये. ते कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जाऊन दर्जा उतरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, त्याची मर्यादा २०२२ पासून २ जीबी आहे. व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत ही पाहण्याची प्रत समजावी, जपण्याची नव्हे.

जपण्याच्या प्रती तीन असाव्यात. एक घरच्या हार्डडिस्कवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी. आपल्याकडे तर मुंबईला भाऊ आणि गावाला बहीण असतेच. एक प्रत तिकडे ठेवावी. वर्षातून एकदा, भीमजयंतीला सगळे जमतात तेव्हा, फाइल उघडून पाहावी. कपाटात ठेवलेला पेनड्राइव्हही कधीतरी दगा देतो.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक घराने वेगळा खर्च करण्यापेक्षा वाडीतल्या दहा घरांनी मिळून एक चालू व्हीसीआर आणि एक उतरवण्याचे यंत्र घ्यावे. शिकलेल्या दोन मुला-मुलींना हे काम द्यावे, त्यांचा मेहनताना ठरवावा आणि एक वही ठेवावी. कोणाची कॅसेट, किती साली, त्यात कोण कोण दिसते, शेवटपर्यंत तपासली की नाही. चित्रातली माणसे ओळखणारे वडीलधारे आज आपल्यात आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून ही नावे लिहून घ्यावीत. फाइल कितीही चांगली केली तरी त्यातली माणसे कोण हे यंत्र सांगणार नाही. पावसाळ्याआधी कपाट उघडा, वाचकहो.

जयभीम.